धंदा : शेतमजुरी

कॅन्सरच्या ओपीडीत मी सतरा वर्षं काढली, आणि त्यातली निम्मी तरी "पेशंट कुठाय?" हे विचारण्यात गेली असतील. माणूस आत येणार, खुर्चीवर बसणार, प्लास्टिकच्या पिशवीतून रिपोर्ट काढून टेबलभर पसरणार, आणि मी नाडी बघायला हात धरला की हात मागं ओढून म्हणणार, मला काय नाय झालं, पेशंट घरी हाय. मग आणला का नाही? तर एवढ्या लांब तिला कशाला तरास. पुतणे आले, मेहुणे आले, एका बाईचा तर शेजारी आला होता, कारण त्याला नाहीतरी शहापुरातून युरियाच्या गोण्या न्यायच्या होत्या. गाठ बाईच्या छातीत आणि तपासायला आला खतवाला शेजारी! माझं डोकं फिरायचं. सिस्टरचं डोकं फिरतं ही गोष्ट शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत पसरली होती. मला ती ऐकायला बरी वाटायची, खोटं कशाला सांगू?

दिवाळी अंकासाठी संपादकांनी फोन केला तेव्हा म्हणाले, तुमच्या सेवेचे अनुभव लिहा. सेवा हा शब्द ऐकला की मला तिडीक येते. मी नोकरी करत होते, पगार घेत होते आणि रजा मिळाली नाही तर भांडत होते. तेव्हा सेवेचं सोडा. एका बाईबद्दल लिहिते. तिच्या बाबतीत आम्ही सगळ्यांनी मिळून एक घोळ घातला होता, आणि त्यात माझा वाटा मोठा होता. आमच्या रुग्णालयाचं नाव सांगत नाही. ट्रस्टचं होतं, शहापुरात होतं, एवढं पुरे.

आमच्याकडं नव्वदीच्या मध्यावर कॅन्सरची टीम सुरू झाली. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलातले सर्जन, डॉ. देवधर, एक गुरुवार शहापूरला आणि एक गुरुवार मुरबाडला येऊ लागले. त्यांचं म्हणणं असं की, कॅन्सर एकट्या डॉक्टरला पेलणारा आजार नाही. एकजण कापतो, दुसरा शेक देतो, तिसरा औषध देतो, पण जखम धुणार कोण, पेशंट जेवला का ते बघणार कोण, आणि मुंबईला त्याची राहायची सोय कोण लावणार? म्हणून सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि एकेका पेशंटबद्दल बोलूनच ठरवायचं. बोलणं शंभर टक्के बरोबर होतं. टीममध्ये देवधर सर, आमच्या वॉर्डच्या डॉक्टर मॅडम, मंजिरी नावाची समाजसेविका आणि मी. जीप चालवायला गणपत होता, तो मुरबाडकडचा. पण त्याला कोणी टीममध्ये धरत नव्हतं. तो बाहेर जीपची काच पुसत बसायचा.

मीटिंगच्या खोलीत मंजिरीनं एक तक्ता रंगवून लावला होता. मधोमध मोठं वर्तुळ, त्यात लिहिलेलं "रुग्ण", आणि भोवती आम्ही सगळे, बाण आत वळलेले. दर गुरुवारी ओपीडी आटोपली की आम्ही त्या तक्त्याखाली बसून चहा-बिस्किटं घेत चर्चा करायचो. आणि रुग्ण? रुग्ण बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर. आतला निर्णय त्याचा मुलगा नाहीतर भाऊ त्याला जाऊन सांगायचा, आणि तोही खरा सांगायचा नाही. यात काही चुकतंय असं आम्हा चौघांपैकी एकालाही कधी वाटलं नाही.

खरं न सांगण्याची तर आमच्याकडं पद्धतच होती. मुरबाडच्या एका म्हाताऱ्याचे तीन मुलगे तीन वेगवेगळ्या दिवशी मला एकट्यात गाठून गेले. तिघांचं एकच, बाबांना कॅन्सर हा शब्द कळू देऊ नका, ते हाय खातील. चौथ्या दिवशी म्हातारा स्वतः आला. दार लोटून घेतलं आणि म्हणाला, पोरांना यातलं काय बोलू नका, कच्च्या काळजाची हायेत. पुढचे सहा महिने मी चौघांशी चार तऱ्हेनं बोलत होते. मेली ती नर्सिंगची परीक्षा सोपी होती यापुढं.

पण माझं खरं वैर होतं ते अर्धवट शेकाशी. रेडिएशनला आमच्याकडं शेक म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, रोज पाच मिनिटं, असं सहा-सात आठवडे. मशीन मुंबईत, त्यामुळं राहायचं मुंबईत, कुठल्यातरी धर्मशाळेत. पहिले पंधरा दिवस काही जाणवत नाही. तिसऱ्या आठवड्यात कातडी काळी पडते, घसा सोलवटतो, पाणीसुद्धा तिखट लागतं. नेमकं तेव्हाच घरी कोणाचं तरी बारसं नाहीतर दहावं निघतं. दोन दिसांनी येतो म्हणून माणूस गाडी पकडतो, आणि मग त्याला शोधायला मी आणि गणपत कसाऱ्यापासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत फिरतोय. तिथं तो अंगणात बसलेला सापडतो आणि म्हणतो, सिस्टर, मला बरं वाटतंय आता. एकीच्या मानेवर शेकाची जागा दाखवणारी शाईची खूण केली होती, ती पुसायची नाही म्हणून मी तिला चारदा बजावलं होतं. ती सणाला घरी आली आणि सासूनं खूण वजरीनं घासून काढली, सणासुदीला मळ बरा दिसत नाय म्हणून.

शेक अर्धवट सोडला तर आजार राहतो तो राहतोच, आणि पुढं तिथं कापणंही अवघड होऊन बसतं. म्हणून मी दर मीटिंगला तोंड सोडायची. आमच्या भागातले लोक शेक पुरा करत नाहीत, लिहून ठेवा, हे माझं पालुपद होतं. डॉक्टर मॅडम हसायच्या, मंजिरी मान डोलवायची. देवधर सर काही बोलायचे नाहीत. त्यांनी ते मनात लिहून ठेवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

चांगुणाबाई आमच्याकडं आली ती नव्वदीच्या अखेरीला, पौष महिन्यात. शेणव्याच्या पुढं डांबर संपतं, तिथून आणखी पाऊण तासावरच्या एका वाडीतली. पन्नाशीची, सडसडीत, नऊवारी घट्ट नेसलेली, दात मिशरीनं काळे. तीन महिने आवाज बसला होता. खोकल्याच्या चार बाटल्या पिऊन झाल्यावर मुलानं तिला आणली होती. मुलगा रघू, वाशिंदच्या एका कारखान्यात कामाला. दर वेळी खाडा करून यायचा, सगळे कागद नीट ओळीनं लावून आणायचा. असा नातेवाईक मिळाला की आम्ही खूश. प्रश्न तिला विचारला की उत्तर तो द्यायचा, आणि आम्हीही पुढचा प्रश्न त्यालाच विचारायचो. ती गप्प बसायची. घसा धरलाय, बोलवत नसेल, असं आम्ही समजलो.

नवीन पेशंटचा फॉर्म मी भरायची. नाव, वय, गाव, धंदा. धंद्याच्या रकान्यात बाईमाणूस असलं की मी "शेतमजुरी" लिहायची. विचारायची नाही. ती खुर्चीत टेकायच्या आत लिहून मोकळी. बाहेर साठ माणसं खोळंबलेली असताना कोण विचारत बसतं? चांगुणाबाईच्या फॉर्मवरही तेच लिहिलं.

तपासणीत गाठ निघाली, स्वरयंत्रावर. फार पसरली नव्हती. मीटिंगमध्ये देवधर सरांनी पाच मिनिटांत सांगितलं की ऑपरेशन करायचं, स्वरयंत्र काढायचं. गळ्याला पुढं भोक राहील, श्वास तिथून, आवाज कायमचा जाईल, पण आजार मुळातून निघेल. मंजिरीनं विचारलं, शेकानं नाही का होणार? ते म्हणाले, पूर्ण घेतला तर होईलही. आणि पुढं काही न बोलता त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. झालं, ठरलं. रघूला आत बोलावून सगळं सांगितलं, त्यानं डोळे पुसले. तिच्या नवऱ्याचा अंगठा घेतला. तो बिचारा जमिनीकडं बघत आला आणि तसाच गेला. चांगुणाबाईला रघूनं सांगितलं की घशातली गाठ काढतील आणि आवाज मोकळा होईल.

मुंबईत बेड मिळायला तीन आठवडे गेले. माघातल्या एका सकाळी बेडचा फोन आला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही जीपनं निघालो. गणपत, मी, चांगुणाबाई आणि रघू. पडघ्याला गणपतनं चहाला गाडी थांबवली. रघू पाण्याची बाटली भरायला गेला. चांगुणाबाईनं बशीत चहा ओतला, फुंकर घातली, आणि माझ्याकडं वळून हळू, घोगऱ्या आवाजात बोलली. तिच्या तोंडून पुरं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"शिस्टर, चैताला चार लग्नं घेतलीत. तवर आवाज मोकळा होल ना?"

मला वाटलं घरातली लग्नं असतील. विचारलं, मुलीचं आहे का? तर गणपत हसला. म्हणाला, धवलारीण हाय ती, माझ्या लग्नातलं धवलं यांनीच म्हटलं.

माझं माहेर सिन्नरचं. पंधरा वर्षं या भागात काढली होती, पण लग्नांना मी जायची ती पंगतीपुरती, ड्युटी उरकून. जेवायचं, आहेर द्यायचा, परत. त्यामुळं धवलारीण म्हणजे काय ते मला पडघ्याच्या चहाच्या टपरीवर गणपतनं समजावून सांगितलं. हळद दळण्यापासून नवरी उंबरा ओलांडेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा धवला, म्हणजे गाणं असतं, आणि ते तिनं म्हणायचं असतं. देवांना आणि वाडवडिलांना नावं घेऊन मांडवात बोलावणारी ती. भटजी उशिरा आला तरी चालतं, काही वाड्यांवर तो नसतोच. धवलारीण आली नाही तर मात्र लग्न पुढं सरकत नाही. चांगुणाबाईचं नाव शेणव्यापासून पार सरळगावपर्यंत. लोक तिच्या सवडीनं तारखा धरायचे. आणि इतके दिवस ती आमच्यासमोर गप्प बसत होती, ती घसा दुखत होता म्हणून नाही. आवाज राखत होती.

मी गणपतवर खेकसले, हे आधी सांगायला काय झालं होतं तुला? चारदा आणलंस-सोडलंस तिला. त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, "मला काय ठाव तुमाला ठाव नाय? चार-चार जण बसताव, येवडे कागद लिवताव. वाटलं, पयलं त्येच लिवलं असंल."

मी कपाळावर हात मारून घेतला.

मी रघूला जीपच्या मागं नेलं. त्याला सगळं माहीत होतं. हात जोडून म्हणाला, "तिला सांगू नका. सांगितलं तं ती खाली उतरंल नि चालत घरी जाईल. आवाज गेला तं गेला, आय तं ऱ्हाईल." त्याचं काय चुकलं होतं? मीही त्याच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. बेड परत मिळायला आणखी महिना लागला असता. सर्जनची तारीख पडलेली, अंगठा घेतलेला, सगळं रीतसर. मी गप्प बसले असते तर कोणीही मला बोल लावला नसता. पण ती बाई तिथं बशीतला चहा पीत चैत्रातली लग्नं मोजत होती, आणि एक-दोन दिवसांत गळ्याला भोक घेऊन शुद्धीवर येणार होती. आणि कोणाला काही विचारायला तोंड उघडणार तर त्यातून आवाजच येणार नाही. मला ते सहन होईना.

मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं. गाठ कसली ते सांगितलं, नाव घेऊन. ऑपरेशन कसलं ते सांगितलं. तिनं एकच विचारलं, आवाज कवापरेंत जाल? मी म्हटलं, कायमचा. रघू पाठ फिरवून उभा होता. चांगुणाबाईनं बशी विसळली, टपरीवाल्याला परत दिली, पदर खांद्यावर घेतला. मला वाटलं, आता ही चालायला लागणार. पण ती जीपमध्ये चढली आणि म्हणाली, "ज्यानं ठरवलं त्याला मी भेटतंय."

देवधर सर मुंबईला वॉर्डात भेटले. मी सांगितल्यावर संतापले. त्यांचा संताप मोठ्या आवाजाचा नव्हता, थंड होता. म्हणाले, उद्याच्या यादीत नाव आहे, भूलतज्ज्ञ ठरलाय, आणि तुम्ही रस्त्यात पेशंटशी परस्पर बोलता? मीही ऐकणारी नव्हे. म्हटलं, शेकानं बरी होऊ शकत होती तर तुम्ही तिला निवड का नाही दिलीत? त्यांनी चष्मा काढला. "सिस्टर, तुमच्या भागातले लोक शेक पुरा करत नाहीत, हे मला कोणी सांगितलं? दर गुरुवारी कोण सांगत होतं?"

माझंच पालुपद माझ्यासमोर आलं होतं. माझ्या त्रासानं, माझ्या कावलेपणानं मी या बाईचा आवाज तिच्या नकळत काढून द्यायला निघाले होते. पळून गेलेल्या सगळ्यांचा राग मी तिच्या खात्यावर मांडला होता, आणि ती तर अजून एकदाही पळाली नव्हती. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग सरांनी मात्र एक गोष्ट केली, त्यासाठी मी त्यांना मानते. स्टूल ओढलं, चांगुणाबाईच्या समोर बसले आणि रघूकडं न बघता तिच्याशी बोलले. ऑपरेशनमध्ये खात्री जास्त आहे, म्हणाले. शेकानं आवाज राहील, पण पहिल्यासारखा नसेल. आजार परत यायची भीती राहील, आणि आला तर तेव्हा कापावंच लागेल, तेही जास्त अवघड असेल. आणि शेक घ्यायचा तर सात आठवडे, एकही दिवस चुकवायचा नाही. घसा जळेल, घरची आठवण येईल, लग्नाची बोलावणी येतील. जमेल का?

तिनं बोटांवर आठवडे मोजले. मग म्हणाली, "मांडवात बसलं का लगीन लागंपरेंत धवलारीण उठत नाय. मदीच उठायची रीत नाय."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघत होते.

सात आठवडे ती मुंबईत राहिली. मंजिरीनं धर्मशाळेत खोली मिळवून दिली, तिच्या दोन जावा पाळीपाळीनं सोबतीला राहिल्या. गणपतला कोणी सांगितलं नव्हतं, पण मुंबईची फेरी असली की तो तिच्यासाठी घरच्या तांदळाची कणी घेऊन जायचा, पेजेला. कारण मुंबईच्या तांदळाची पेज तिच्या गळ्याखाली उतरत नव्हती. मानेवरची शाईची खूण पुसू नये म्हणून तिनं सात आठवडे मानेला पाणी लागू दिलं नाही. चौथ्या आठवड्यात तिला थुंकी गिळवत नव्हती, तेव्हा मी भेटायला गेले. मी बोलले, ती ऐकत होती, मध्येच बोटानं दाखवायची, अजून एवढे दिवस. चैत्रातली चारही लग्नं तिनं किन्हवलीच्या एका बाईला देऊन टाकली होती. ते तिला शेकापेक्षा जास्त लागलं होतं. एकही दिवस चुकला नाही. तोवरच्या माझ्या नोकरीत शेक पुरा करून दाखवणारी, आणि वर माझं तोंड बंद करणारी ती पहिली.

त्यानंतर मी फॉर्म नीट भरायला लागले. धंदा काय, हे बाईला विचारायला लागले. सोपं नव्हतं ते. बायका माझ्याकडं बघायच्या, हिला काय झालंय, दिसत नाय का? एकजण मला म्हणाली, शेतमजुरीच लिवा, दुसरं काय करणार आमी? पण एक बांबूच्या टोपल्या विणणारी निघाली. तिच्या औषधानं बोटं बधिर होणार होती, हे आधी कळलं म्हणून डॉक्टर मॅडमनी औषध बदललं. एक सुईण निघाली. तिला वाडीवर बाळंतपणं होती म्हणून ती दर वेळी यायची टाळायची, आणि आम्ही तिला अडाणी समजत होतो. गणपतलाही आता मीटिंगला बसवायचं असा देवधर सरांनी हुकूम काढला. त्याचाही ताप झाला. कोणाची सासू कोणाची मावसबहीण, हे त्यानं सांगायला सुरुवात केली की चहा थंड व्हायचा. पेशंटला आत खुर्ची द्यायला लागलो तर पेशंटसोबत अर्धी वाडी आत यायला लागली. माझा त्रास कमी झाला असं कोणी समजू नये. त्याचं रूप बदललं, इतकंच.

पुढच्या वर्षी चांगुणाबाई पुन्हा मांडवात बसली. मी मुद्दाम गेले, या वेळी हळदीपासून. आवाज खरखरीत झाला होता, खापरीवर भाकरी घासावी तसा. पूर्वी नदीपल्याड ऐकू जायचा म्हणे. आता पोरांना गप्प करावं लागत होतं. पण बायका तिच्या तोंडाकडं बघत बसल्या होत्या. ती देवांची नावं घेत होती, मग गावाची, मग मेलेल्या माणसांची, आणि मांडवातली एक म्हातारी आपल्या नवऱ्याचं नाव आल्यावर रडायला लागली. मला धवला कळला नाही, त्यातले निम्मे शब्दच कळले नाहीत. पण मीही रडले. पंगतीपुरतं येऊन पंधरा वर्षं काय काय चुकवलं त्याचं रडू होतं ते.

अशा दोन लग्नसराया तिनं केल्या. तिसऱ्या वर्षी, मार्गशीर्षात, आजार परत आला.

देवधर सरांनी तिला मीटिंगमध्ये खुर्चीवर बसवून सांगितलं. आता शेक नाही, आता कापायचं. तिनं दहा दिवस मागून घेतले, एका लग्नाला शब्द दिला होता म्हणून. ते लग्न लावून आली. त्या दहा दिवसांत रघू मला व्हरांड्यात भेटला. फार शांतपणे म्हणाला, "शिस्टर, तवा पडघ्याला तुमी गप बसल्या असत्या तं," आणि वाक्य अर्धंच सोडून निघून गेला. मी त्याच्यावर चिडू शकले नाही. तेच वाक्य मी स्वतःशी रोज म्हणत होते. पहिल्याच वेळी कापलं असतं तर कदाचित तेव्हाच सुटली असती. आता जास्त कापावं लागणार होतं, जखम भरायला वेळ लागणार होता, आणि भरेल का याची सरांनाही खात्री नव्हती. जन्मभर दुसऱ्यांवर करवादले, आता स्वतःवर करवादायची पाळी आली.

ऑपरेशन झालं. जखम भरायला दोन महिने लागले, पण भरली. आवाज गेला, पण ती त्यानंतर बरीच वर्षं जगली. मी निवृत्त झाले तेव्हाही होती. गळ्याच्या भोकावर मलमलीचा पांढरा रुमाल बांधून ती मांडवात किन्हवलीच्या त्या बाईच्या शेजारी बसायची, आणि बाईनं एखादं कडवं गाळलं की तिच्या मांडीवर चापट मारायची. एकदा तर कडवं पुरं म्हणेपर्यंत तिनं नवरीला उठू दिलं नाही. वरपक्ष कातावला होता, मुहूर्त टळत होता, पण तिच्यापुढं बोलायची कोणाची छाती झाली नाही. हे सगळं चांगलं झालं म्हणून मी बरोबर होते, असं मी म्हणत नाही. जखम भरली नसती तर हा लेख मी लिहायला घेतला नसता, आणि ते जास्त वाईट झालं असतं.

पण ऑपरेशनला जायच्या दिवशी सकाळी, आमच्या रुग्णालयाच्या फाटकात, मी तिला विचारलं होतं. बोलता येत होतं तोवर विचारायला हवं होतं म्हणून विचारलं. म्हटलं, चांगुणाबाई, शेवटी तिथंच चाललो आहोत ना आपण? त्याच ऑपरेशनला. मग तेव्हा मी सांगितलं ते चुकलं का?

ती माझ्याकडं बघत राहिली, मला साधी गोष्ट कशी कळत नाही असं बघत. मग म्हणाली, "तवा तुमी मला नेत व्हत्या. आता मी जातंय."

रघू पिशवी घेऊन शेजारीच उभा होता. त्या दिवशी मुंबईपर्यंत तो माझ्या शेजारी बसून आला.